चिमणीची उलटी चाल

चिमणी रस्त्यानं उलटी चालायची. गिरणी सुटली की आपल्या मैत्रिणीच्या, अक्काच्या दोन पावलं पुढे, तोंड अक्काकडे आणि पाठ रस्त्याकडे, अशी थेट वळणापर्यंत. वाटेत सायकली, खांब, झोपलेली कुत्री. एकदा तर पोलिसालाच जाऊन धडकली. लोक हसायचे. अक्का म्हणायची, "अगं, पाठीला डोळे फुटलेत का तुझ्या?" चिमणी म्हणायची, "तू आहेस ना बघायला." तेवीस वर्षं हे असंच चाललं.

आणि हे सगळं बोलणं बिनआवाजाचं बरं का. मागखात्यात दीडशे माग एकदम धडधडायला लागले की माणसाचा आवाज कुठल्या कुठे. तिथं बोलायचं ते ओठांनी. सासूच्या कागाळ्या, पोरांचे ताप, मुकादमाची नक्कल, सगळं तोंड वेडंवाकडं करून समोरच्या मागापर्यंत पोचवायचं. ते इतकं अंगवळणी पडलं की फाटकाबाहेरही दोघी नुसते ओठच हलवायच्या.

त्यात अक्काचे कान कधी गेले ते तिचं तिलाही कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं तोंडाला कुलूप घातलं. बहिऱ्या बाईला मागावर कोण उभं करणार? नवरा गेल्यापासून तो माग हेच तिचं घर होतं. चिमणीलाही तिनं सांगितलं नाही, आणि तेच आता तिला फार खुपायचं.

कारण साथ आली, गिरणी बंद पडली, आणि चिमणी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. जीव जायच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन हातात थरथरला होता. पडद्यावर चिमणीचं नाव. अक्कानं फोन कानाशी गच्च धरला. एक अक्षर कळलं नाही. ती आपली "हो, हो" म्हणत राहिली. चिमणीनं शेवटचं काय मागितलं, आपण कशाला हो म्हटलं, देव जाणे.

नऊ महिन्यांनी गिरणी उघडली ती ओळखूच येईना. माग लांब लांब सरकवलेले, खिडक्या सताड उघड्या, मधून मधून बसून दम खायला बाकडी. हे सगळं करणारी सुरक्षा अधिकारी बाई अक्काच्या भाचीच्या वयाची. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायची, झोप लागते का, धाप लागते का. इतक्या वर्षांत गिरणीनं झोपेची चौकशी केली होती ती फक्त कामावर डुलकी लागली तेव्हा! बाई मनानं चांगली होती. पण तिनं सगळ्यांच्या तोंडाला मास्क लावला आणि मागखातं मुकं झालं. बाई काय विचारते ते अक्का तिच्या डोळ्यांवरून ताडायची आणि मान हलवायची.

पूर्वी कुणाला भोवळ आली तर "माग थांबवा" हा निरोप ओठांवरून पापणी लवायच्या आत या टोकाचा त्या टोकाला जायचा. आता ओठच झाकलेले. म्हणून बाईनं भिंतीवर शिट्टी बसवली, कानठळ्या बसतील अशी, आणि फलकावर कागद लावला. आजारातून उठलेली माणसं आहेत, कुणी कोसळलं की शिट्टी वाजेल, सगळे माग तत्काळ थांबले पाहिजेत. उद्या वाजवून बघू. ज्याचा माग थांबणार नाही, त्याला मागावर ठेवता येणार नाही.

अक्काचं धाबं दणाणलं. रात्रभर विचार करून तिनं युक्ती काढली. शेजारच्या मागावर दादा होते, तिच्याहून जुने, पण तिखट कानांचे, असं सगळे म्हणत. दादांनी माग थांबवला की आपणही थांबवायचा. सकाळपासून ती डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत राहिली. गंमत म्हणजे दादाही सारखे तिच्याकडेच बघत होते. म्हाताऱ्याला संशय आलाय, अक्का मनात म्हणाली.

दुपारी पायाखालच्या फरशीची थरथर एकदम कमी झाली. अक्कानं दादांकडे बघितलं. त्यांचा माग चालू. ते तिच्याकडे बघतायत, ती त्यांच्याकडे. माग थांबवायचा दांडा कुणीच ओढेना. तिनं मान वळवली. पलीकडचे तरण्या पोरापोरींचे माग सगळे थांबलेले, आणि जुन्यांच्या रांगेतले सातच्या सात माग धडाडून चालू. सातही जण एकमेकांकडे डोळे लावून बसलेले.

बाई आली. उघड्या खिडकीपाशी, लांब उभं राहून तिनं आपला मास्क खाली केला. ओठ सावकाश हलले. "अक्का, ऐकू येत नाही?"

अक्कानं दांडा ओढला. बिंग फुटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. आवाज केवढा निघाला कोण जाणे, पार टोकाची माणसं वळून बघायला लागली. मग दादांनी हात वर केला. मग त्यांच्या पलीकडच्यानं. एकेक करत सातही हात वर झाले. इतकी वर्षं सगळे एकमेकांपासून हेच लपवत होते, शहाणे!

"घरी पाठवणार?" अक्कानं विचारलं.

"कान इथंच गेलेत ना तुमचे? मग घरी तुम्ही का जायचं?" बाईचे ओठ म्हणाले. "चूक माझी. आधी विचारायला हवं होतं. प्रत्येक मागावर लाल दिवा बसवून घेते. तोवर कुणीतरी येऊन खांद्याला हात लावेल."

संध्याकाळी फाटकाबाहेर, मोकळ्यावर आल्यावर दादांनी मास्क काढला आणि ते चालता चालता काहीतरी सांगायला लागले. अक्काला बाजूनं ओठ नीट दिसेनात. ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली. तोंड दादांकडे, पाठ रस्त्याकडे.

आणि तशीच थबकली.

चिमणी तेवीस वर्षं आपले ओठ वाचत होती. म्हणजे तिचेही कान गेलेले, त्या फोनवर तिलाही काही ऐकू येत नव्हतं. आपलं "हो, हो" तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. स्वतःला काही ऐकू येणार नाही हे ठाऊक असून तिनं फोन लावला होता.

अक्काला भर रस्त्यात रडू कोसळलं.

"काय झालं?" दादांचे ओठ हलले.

"काही नाही," अक्कानं पदरानं डोळे पुसले. "चला. मागे खांब आला तर तेवढा सांगा मला."

आणि ती उलटी चालू लागली.