माझ्या पोटातला मासा

मित्रांनो, माझ्या पोटात एक मासा आहे. तो पाण्यात कधी गेला नाही, पण एकेका वसंतात शंभर-शंभर वेळा जन्माला आला आहे. मी चेरीच्या लाकडाचा एक जुना साचा आहे. जपानमधल्या सेतोच्या डोंगराकडेला, मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्यांच्या गावात माझे सारे आयुष्य गेले.

मला तोकुजी नावाच्या आजोबांनी कोरले. लाकडी खडावा करणे हा त्यांचा धंदा. त्यांची सून शिगे हिला पहिली मुलगी झाली. तिचे नाव फुमी. मुलींचा बाहुल्यांचा सण आमच्याकडे इतर ठिकाणांपेक्षा महिनाभर उशिरा, पीचची झाडे खरोखर फुलल्यावर, एप्रिलमध्ये येतो. नातीचा पहिला सण म्हणून आजोबांनी माळ्यावर तीन वर्षे वाळत ठेवलेला चेरीचा तुकडा खाली काढला आणि त्यात शुभकार्यात मानाचा असलेला 'ताई' नावाचा मासा कोरायला घेतला. आठ दिवस ते माझ्यावर वाकून बसले होते. एकशे बारा खवले त्यांनी एकेक करून उठवले.

"मामंजी, जेवायला चला ना," शिगे दारातून म्हणायची.

"थांब गं, याचं तोंड उघडायचं राहिलंय."

तोंड उघडले तेव्हा मासा किंचित हसरा निघाला. आजोबांनी मला लांब धरून पाहिले. "माझ्यासारखा नाही ना दिसत?"

"तुमच्यापेक्षा पुष्कळ बरा दिसतो," शिगे म्हणाली आणि दोघेही हसले.

सणाच्या आदल्या दिवशी शिगेने तांदळाच्या पिठीवर उकळते पाणी ओतले आणि उकड मळायला घेतली. कानाच्या पाळीसारखी मऊ लागेपर्यंत ती मळत राहिली. माझ्यात कोरडी पिठी भुरभुरून तिने उकड दाबली, मला हलकेच पालथे केले, आणि मासा टपकन बाहेर आला. लाल, पिवळ्या, हिरव्या उकडीचे ठिपके लावून तो वाफवला गेला, मग बाहुल्यांपुढे जाऊन बसला. मित्रांनो, साच्यातून उठवायचे म्हणून या खाऊला आमच्याकडे 'ओकोशिमोनो' म्हणतात. गरम असताना तो साखर आणि सोयाच्या रसाबरोबर खातात. दुसऱ्या दिवशी कडक झाला की निखाऱ्यावर भाजतात. तेव्हा तो फुगतो, आणि त्या वासाने भांडलेली भावंडेसुद्धा एका जागी येऊन बसतात.

गावात फुले, पंखे, कासवे असे बरेच साचे होते, पण माझ्यासारखा मासा कुणाकडेच नव्हता. साचे एकमेकांना द्यायची आमची जुनी रीत. सकाळी मी एका घरी असे, दुपारी दुसऱ्या. परत येताना माझ्याबरोबर बशीभर खाऊ येई. सणाच्या दिवशी मुले घरोघर जाऊन ओरडत, "बाहुल्या दाखवा हो!" आणि बाहुल्यांकडे धड न बघताच माझा मासा मागत. खरे सांगतो, मला त्याचा गर्व होता.

फुमी सहा वर्षांची झाली त्या वर्षी मी शेजारच्या कानेयोकडे गेलो. कानेयो मनाची मोकळी, आवाजाने मोठी, आणि कायम घाईत. तिची उकड सैल झाली होती. मासा माझ्या पोटात घट्ट चिकटला. तिने एकदा झटकले, दोनदा झटकले, आणि मग मला दगडी उखळाच्या काठावर जोरात आपटले. मासा सुटला. मी मात्र शेपटीपासून पोटापर्यंत चिरलो.

 कानेयोने मला फडक्यात गुंडाळले आणि पाच मासे बशीत ठेवून ती मला परत देऊन आली. तोंडातून एक शब्द काढला नाही.

शिगेने फडके सोडले ते रात्री. तोकुजी आजोबा त्याआधीच्या हिवाळ्यात वारले होते. माझ्यासारखा दुसरा कोरून देणारे आता कुणी उरले नव्हते. ती बराच वेळ माझ्या भेगेवरून बोट फिरवत बसली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघींची गाठ पडली.

"कानेयो, साचा चिरलाय."

"हो का? लाकूड आहे बाई, वाळलं की चिरायचंच."

"सहा वर्षं नाही चिरला तो. तुझ्याच घरी बरा वाळला?"

"म्हणजे मी फोडला म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. तूच आठवून बघ."

"लाकडाच्या तुकड्यासाठी मला चोर ठरवतेस होय गं?"

"माझ्या सासऱ्यांचा हात आहे त्याच्यावर!" शिगे ओरडली. विहिरीवरच्या बाकीच्या बायकांनी घागरी भरायच्या थांबवल्या.

त्या दिवसापासून दोन घरांमधले बोलणे संपले. मी माळ्यावर गेलो. कुणी मागायला आले की शिगे सांगे, "फुटलाय तो." अशी चार वर्षे गेली. खाली दर एप्रिलमध्ये उकड मळल्याचा थपथप आवाज यायचा, आणि मी धुळीत पडून ऐकायचो. मला सगळे माहीत होते, पण साच्याला कुठे सांगता येते?

त्यातल्या चौथ्या हिवाळ्यात कानेयोचा नवरा गेला. तो भट्टीवर कामाला होता. दुःखाच्या घरात वर्षभर सण करत नाहीत. बाहुल्या पेटीतच राहतात, उकड मळली जात नाही, आणि त्या घरातली मुले दुसऱ्यांच्या दारी खाऊ मागायला जात नाहीत. कानेयोची चिसातो तेव्हा सात वर्षांची होती.

सणाच्या सकाळी फुमी धावत घरात आली. "आई, चिसातो मागच्या पायरीवर मातीचे मासे करतेय. एकटीच. पानांवर मांडून ठेवलेत."

शिगेचे हात उकडीतच थांबले. "किती केलेत?"

"चार. एक मोडलाय."

 शिगेने हात धुतले, शिडी लावली आणि मला खाली काढले. कोमट पाण्याने पुसले, भेगेत थोडे तेल भरले, सुतळीने माझे पोट आवळून बांधले. पहिला मासा भेगेपाशी तुटला. दुसऱ्याची शेपटी आतच राहिली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. चार वर्षांनी मला हाक आली होती, आणि मला जमत नव्हते.

"राहू दे ना आई, आपण तिला फूल देऊ," फुमी म्हणाली.

"नाही. तिला मासाच हवाय."

शिगेने उकड पुन्हा मळली, आता घट्ट. पिठी दुप्पट भुरभुरली. मला ओल्या फडक्यावर पालथे धरून ती बोटांनी हळूहळू थोपटत राहिली. मासा निघाला, अख्खा. पोटावर भेगेची बारीक उठलेली रेघ घेऊन निघाला.

फुमीने लाल रंगाची वाटी पुढे केली. "लाल नको," शिगे म्हणाली. "त्यांच्या घरी दुःख आहे. पांढराच राहू दे."

"डोळा तरी?"

"बरं. डोळा हिरवा कर."

गरम मासे बशीत घेऊन शिगे चार वर्षांनी त्या दारात उभी राहिली. घाईत तिने मलाही काखेत तसेच धरून नेले होते, म्हणून पुढचे मी पाहू शकलो.

"आम्ही केलंय," ती म्हणाली. "तुम्ही मळायचं नसतं, पण दुसऱ्यानं आणलेलं चालतं ना?"

कानेयोने बशी घेतली. तिची नजर रेघेवर गेली आणि तिथेच राहिली. "मीच आपटला गं तो," ती हळूच म्हणाली. "उखळावर."

"माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की विहिरीवर! अर्धं गाव ऐकत होतं."

कानेयोला हसू आले, आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. शिगे आत जाऊन तिच्याजवळ बसली. चिसातो तोवर माशाचे डोके खाऊन मोकळी झाली होती. "शिगेकाकू, ही रेघ कसली?"

उत्तर कानेयोने दिले. "ती तुझ्या आईची घाई आहे, बाळा."

आठवड्याने कानेयो मला लाकडी बादल्या करणाऱ्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने माझ्या पाठीत कठीण लाकडाची पाचर बसवली. तेव्हापासून माझी भेग वाढली नाही. पुढची कितीतरी वर्षे मुले रेघवाला मासाच मागत आणि त्यावरून भांडत.

मग दुकानात तयार मिठाया आल्या. शिगे गेली, कानेयो गेली. मी फुमीच्या खणात चमच्यांखाली पडून राहिलो. गेल्या वर्षी संग्रहालयाचे एक गृहस्थ आले. मला हातात घेऊन त्यांनी खूप वाखाणले. "आजी, आम्ही याला काचेच्या पेटीत ठेवू. खाली नाव लिहू, दिवा लावू."

मला ते आवडले, खोटे कशाला बोलू? पण फुमीने विचारले, "तिथं उकड कोण मळणार?"

गृहस्थ हसले. फुमी हसली नाही.

या एप्रिलमध्ये समोरच्या घरात एक तरुण जोडपे राहायला आले. त्यांच्या लेकीचा पहिला सण. बाप संकोचत दाराशी आला. "आजी, तुमच्याकडे साचा आहे म्हणे. दोन दिवस मिळेल का? मला काहीच येत नाही, पण शिकेन."

"उकड घट्ट मळ," फुमी म्हणाली आणि तिने मला त्याच्या हातात दिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल. त्याला साबण लावू नका, उन्हात टाकू नका. पुसून सावलीत वाळवा. आणि कुणी मागायला आले, तर नाही म्हणू नका. आम्ही झिजलो तरी चालेल, पण कोरडे पडलो की आमचे काही खरे नाही.

त्या तरुण बापाने माझे पहिले चार मासे मोडले. पाचवा जरा वाकडा निघाला. त्याने तो दोन्ही हातांत धरून बायकोला हाक मारली, "अगं, ये ना लवकर, निघाला बघ!" माझ्या खवल्यांत आता त्या घरची पिठी बसली आहे, आणि ती अजून ओली आहे.