टाकीचं झाकण

मागच्या महिन्यात माझा समोरचा शेजारी रिगोबेर्तो याच्या गाडीतलं पेट्रोल चोरीला गेलं. "मेकॅनिकशिवाय पेट्रोल ओढायची नळी कुणाकडे असते?" असं तो गल्लीभर बोलत फिरला. गल्लीत मेकॅनिक मी एकटाच.

आज तोच बेशरम आपली जुनी रशियन सेडान ढकलत माझ्या दारात आला. अख्ख्या होल्गिन शहरात त्याला दुसरं कुणी उभं केलं नसणार.

"चार किलोमीटर गेली की बंद पडते. थोडं थांबलं की परत चालू. पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग नवे टाकले."

"आणि डोकं? ते कधी बदलणार?"

"तोंड नको चालवूस, हात चालव."

मी बॉनेट उघडलंच नाही. टाकीवर लेथवाल्याकडून करून घेतलेलं कुलपाचं झाकण होतं.

"हे कधी बसवलंस?"

"महिना झाला. कशासाठी, ते तुला ठाऊक आहे."

"किल्ली आण."

झाकण सैल करताच टाकीने सुस्सकन हवा ओढली. झाकणाला हवेचं भोकच नव्हतं. आत हवा शिरत नव्हती, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. स्टार्टर मारला, तशी गाडी सुरू झाली.

खिळ्याएवढं भोक पाडलं असतं तरी भागलं असतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

"झाकण उघडं ठेवलंस तरच चालेल," किल्ली त्याच्या हातावर आपटत मी म्हणालो. "आणि मी समोरच राहतो."