मोर्च्याला निघालेला गहू

मित्रांनो, मी मालगाडीची एक जुनी वाघीण, म्हणजे माल भरायचा डबा आहे. आज मी चाकांवाचून आयव्ही झेर्नाच्या माळावर बसले आहे आणि माझ्या पोटात तिच्या मेंढ्यांचं खाणं भरलेलं आहे. पण एके काळी या टिनबरी गावाचा सगळा गहू मी आणि माझ्या बहिणी बंदरावर पोचवत होतो.

मी नवी कोरी आले तेव्हा शाळेतली पोरं मला बघायला धावली होती. स्टेशनात गहू भरायचं काम क्लेमकडे होतं. गहू पडत असताना तो माझ्या कडेवर हातोडी मारून कान देई. आवाज बद्द आला की पोट भरलं. तीस सुग्या त्याने अशाच काढल्या, आणि रुळांलगतच्या रेल्वेच्या घरात संसारही केला.

पुढे पाऊस रुसला. चार घरांच्या शेतीची एक शेती झाली, शाळेला कुलूप लागलं. रुळांखालची लाकडं कुजली, तशी गाडी सायकलच्या वेगाने चालू लागली. गाडी हळू म्हणून माल कमी, माल कमी म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून गाडी आणखी हळू. एवढं साधं दुखणं, पण शहाण्यांना त्यावर औषध सापडलं नाही. मग रेल्वेवाल्यांनी कळवलं की जानेवारीअखेर तीस हजार टन गहू रुळांवरून गेला तरच ही लाइन राहील.

गाव पेटून उठलं. आयव्ही पुढारी झाली. राजधानीत ट्रकांचा मोर्चा न्यायचं ठरलं. निघायच्या सकाळी तिचा ट्रक माझ्या शेजारीच उभा होता, गव्हाने काठोकाठ भरलेला.

"आयव्ही, मोर्च्याला गहू कशाला?" क्लेमने विचारलं.

"मग काय, साडेतीनशे किलोमीटर रिकामा ट्रक पळवू? वाटेत बंदरावर ओतते आणि पुढे जाते. आमच्या घराण्यात रिकामा ट्रक कुणी नेला नाही."

"अगं, पण मोजणी चालू आहे. हा गहू या वाघिणीत जायला हवा."

"एका खेपेनं काय होतंय रे? तुझं आपलं काहीतरीच."

सव्वीस ट्रक निघाले. प्रत्येकाच्या कडेला 'आमची रेल्वे वाचवा' असा कापडी फलक होता, पोटात गहू होता, आणि चालवणाऱ्याच्या मनात तेच होतं, एका खेपेनं काय होतंय. ते गेल्यावर क्लेमने सवयीने माझ्यावर हातोडी मारली. मी खणखणले. मला फार लाज वाटली, खरं तर लाज दुसऱ्यांना वाटायला हवी होती.

जानेवारीअखेर नऊशे टन कमी पडले. त्या सव्वीस ट्रकांतून हजारावर टन गेले होते. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. रूळ उखडले, क्लेमचं घर गेलं, आणि मला आयव्हीने भंगाराच्या भावात आणलं. तिला माझी दया आली म्हणे.

आता क्लेम तिचाच ट्रक चालवतो. ट्रकांनी रस्त्याची चाळण केली आहे. परवा खाणं न्यायला आला तेव्हा आयव्ही म्हणाली, "रस्त्यासाठी मोर्चा काढतोय, शहरात. तू येशील ना?"

"येईन की," क्लेम म्हणाला. "ट्रक भरूनच ठेवतो."

ती हसली नाही. तोही हसला नाही.

माझ्या तळाला एक भोक पडलं आहे. खाणं सांडू नये म्हणून आयव्हीने त्यात तो जुना कापडी फलक कोंबला आहे. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझ्यापाशी उभं राहून हळहळूही नका. एखादी गोष्ट टिकावी असं खरंच वाटत असेल, तर ती चालू आहे तोवर आपला गहू तिच्यात भरा.