खाचरातल्या फाइली

कल्पनाचं कॉम्प्युटरवरचं खातं गेल्याचं दादासाहेबांना एका गुरुवारी दुपारी कळलं. आदल्या संध्याकाळी कॉम्प्युटर चालू असतानाच वीज गेली होती. त्यांनी तिच्या नावावर क्लिक केलं, पासवर्ड टाकला, आणि समोर कुठला तरी परका हिरवा डोंगर आला. प्रोफाइल उघडता येत नाही, तात्पुरतं दुसरं दिलं आहे, अशी सूचना होती.

त्यांच्या बायकोला, कल्पनाला, जाऊन सात महिने झाले होते. भुकूमचं घर सुनेने आवरून दिलं होतं. डबे, कपाट, साड्या, सगळंच. कल्पनाने ठेवलं तसं राहिलेली एकच जागा होती, ती ही स्क्रीन. तिने गच्चीवरून काढलेला फोटो तिथे लावला होता. समोरची, शेजारच्या गेणबाची भातखाचरं, कापणीला आलेली. त्यांत तिने आपल्या फाइली मनाला येईल तिथे ठेवल्या होत्या. दुपारी जेवण झालं की दादासाहेब तिथे बसत. फाइल उघडत नसत, नुसते बघत. बघता बघता डोळा लागे, आणि साडी खोचून ती बांधावरून पुढे चाललेली दिसे. हाक मारली तरी वळत नसे, पण चाल हळू करी.

रविवारी वरच्या मजल्यावरची भाडेकरू स्वरदा आली. हिंजवडीत कामाला होती.

"काका, फाइली आहेत सगळ्या. प्रोफाइल बिघडलंय. नवीन खातं काढून त्यात आणते."

जुनं फोल्डर तिला आत येऊ देईना. तिने त्याची मालकी बदलून घेतली. तासाभराने फोटो परत आला, फाइलीही आल्या. सतराच्या सतरा, डाव्या काठाला रांगेत उभ्या.

"आणि जागा?" दादासाहेब म्हणाले.

"कसली जागा?"

त्यांनी सांगितलं. स्वरदाने सेटिंग्ज उघडून पाहिल्या. "ते नाही येत, काका. तुम्ही ओढून ठेवा. मी आपोआप रांग लावणं बंद करते."

पण कुठे काय होतं? रोज बघूनही त्यांना धड आठवेना.

बुधवारी गेणबा चहाला आला. दोन वर्षांपूर्वी त्याने ती खाचरं विकली होती. तिथे आता चार मजली इमारत होती. अक्षर त्याला येत नव्हतं. कल्पना असताना तो तिच्याशेजारी खुर्ची ओढून स्क्रीनमधलं आपलं रान बघत बसायचा.

"मालकी बदलली म्हनं?" गेणबा म्हणाला. "आमच्यावानीच की. सातबारा फिरला आन् समदं काठाला लागलं."

"चेष्टा पुरे. तुला काही आठवतंय का?"

"न आटवाया काय झालं? रान माजं हाय. वैनींना म्या म्हनलं बी हुतं, माज्या खाचरात कागूद पेरताय व्हय? तर म्हनल्या, तुमच्या इंद्रायणी भातापरास जास्त पीक येईल." तो पुढे सरकला. "लोणच्याचा कागूद कंचा?"

"हा."

"आंब्याच्या बुडाला. आनखी खाली. हां. भजनाचा वरच्या ताली, बांधावर. तुमच्या दवापान्याचा पाटाच्या तोंडाशी. म्हनायच्या, हितं रोज नजर पडती."

दादासाहेबांचा हात माउसवर थांबला. मग त्यांनी फाइल पाटाच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

दुपारभर दोघे त्या शेतातून फिरले. गेणबा बांध दाखवी, दादासाहेब नावं वाचत. बाहेर इमारतीची सावली खिडकीवर आली, तरी आत ऊनच होतं. बोलणं हळूहळू कमी झालं. दादासाहेबांना मधेच वाटलं, पुढे पाचोळा वाजला.

सोळा फाइली जागेवर गेल्या. सतरावी नातीची, 'अनुष्का बारसं'. ती कल्पनाने शेवटच्या महिन्यात केली होती. तेव्हा गेणबा लेकीकडे पौडला होता, आणि दादासाहेबांचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. नंतर रोज बघूनही तिची जागा त्यांच्या मनात बसली नव्हती.

"ह्यो म्या न्हाई बगितला," गेणबा म्हणाला. "कुटं तरी ठिऊन द्या."

"नको."

ती फाइल अजून डाव्या काठालाच आहे. तिची जागा लागायची राहिली आहे.