सात घरांचा पलंग

मित्रांनो, माझं वय अवघं बारा वर्षं. पण माझ्या चार गाद्या बदलून झाल्या आणि रंगही उडाला, तेव्हा मला जुना म्हणायला हरकत नाही. मी आजारी माणसाचा लोखंडी पलंग आहे. पायथ्याचं हँडल फिरवलं की माझी डोक्याकडची बाजू वर येते आणि माणसाला टेकून बसता येतं. भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात माझे सांधे जोडले गेले.

तिथून मी कोथरूडला सत्यशीलाबाई साळवे यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आलो. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या यजमानांना, शमुवेलरावांना, अर्धांगवायू झाला होता. रोज संध्याकाळी बाई हँडल फिरवायच्या, शमुवेलराव उठून बसायचे आणि दोघं मिळून प्रार्थना करायचे. मला ती वेळ फार आवडे. एकदा शमुवेलराव अडखळत म्हणाले, "सत्या, मी गेल्यावर हा पलंग अडवून ठेवू नकोस. ज्याला लागेल त्याला दे."

"अहो, काहीतरीच काय बोलता!" बाई म्हणाल्या.

दीड वर्षानं ते गेले. बाईंनी मला फुलाफुलांची चादर घातली आणि तसंच ठेवलं. पहिले काही महिने त्या नुसत्या माझ्या कडेला येऊन बसत. पुढे मात्र माझ्यावर सामान चढू लागलं. न वापरलेले डबे, भेट आलेले कपबशांचे संच, घडी न मोडलेल्या साड्या. नाताळात गरजूंना वाटायला म्हणून चर्चच्या महिला मंडळानं बाईंकडे ब्लँकेटं दिली होती. त्यांतली सगळ्यांत उबदार चार बाईंनी बाजूला काढली. "इतकी चांगली ब्लँकेटं! पाहुणे आले तर लागतील," असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी ती माझ्यावर रचली. बाई दुष्ट नव्हत्या, मित्रांनो. एकटेपणात माणसाला वाटतं, उद्या आपल्याला कोण देणार? मग हात आपोआप मिटतो.

सोसायटीच्या फाटकाशी पोपट इस्त्रीचं दुकान चालवायचा. एका सकाळी कपडे द्यायला वर आला आणि दारातच उभा राहिला.

"बाई, एक मागायचं होतं. आईचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं, पण घरी फरशीवर निजवतोय. पाठीला फोड आलेत. तुमचा तो पलंग दोन महिन्यांसाठी मिळाला तर..."

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "तो साहेबांचा आहे रे. आणि उद्या मलाच लागला तर?"

"बरोबर आहे बाई," पोपट म्हणाला आणि जिना उतरला. मला चाकं होती, पण त्याच्या मागे जाता येईना.

चार दिवसांनी बाईंची भाची मुक्कामाला यायची होती, म्हणून त्यांनी ब्लँकेट ओढून काढलं. त्याला कसर लागली होती. दुसरं उलगडलं, त्याचीही चाळण. चारही तशीच! घाबरून त्यांनी सगळं सामान खाली उतरवलं आणि माझं हँडल फिरवून पाहिलं. ते गंजून घट्ट बसलं होतं.

बाई फरशीवर बसल्या. "प्रभू," त्या हळूच म्हणाल्या, "दुसऱ्याची ऊब मी किड्यांना घातली." खूप वेळ त्या रडल्या. मग उठल्या, सांध्यांत तेल सोडलं, हँडल सैल होईपर्यंत फिरवलं आणि स्वतः खाली गेल्या. पोपटला घेऊनच वर आल्या.

"पलंग ने. त्या दिवशी मी लोभानं नाही म्हणाले. माझं चुकलं."

पोपट गोंधळला. "असू द्या बाई. आपण कशाला असं बोलायचं?"

"चूक माझी, तर मीच बोलायला हवं. आणि गादी नवी आणू, ही जुनी नको, हिलाही कसर लागली असेल."

पोपट आणि त्याचा भाऊ यांनी मला उचलून नेलं. त्याची आई, चंद्रभागाबाई, पहिल्यांदा टेकून बसली आणि खिडकीतून आपली तुळस पाहून हसली. सत्यशीलाबाई दर दोन दिवसांनी सूप घेऊन येत. तिथे त्या प्रार्थना करत आणि चंद्रभागाबाई विठ्ठलाचं नाव घेत. दोघींचं छान जमलं. तीन महिन्यांनी चंद्रभागाबाई काठी टेकत चालू लागल्या. पोपटनं मला घासूनपुसून परत आणलं.

"माझ्याकडे कशाला आणलास?" बाई म्हणाल्या. "तुझ्या ओळखीत कोणाला हवा असेल तर सरळ तिकडेच न्यायचा!"

तेव्हापासून मी कर्वेनगर, वारजे असा फिरतोय. मागच्या वर्षी मात्र बाईंना ज्याची भीती होती तेच घडलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना मीच हवा होतो. तेव्हा मी वारज्याला फुप्फुसाचा आजार असलेल्या एका आजोबांपाशी होतो. त्यांच्या सुनेनं फोन करून विचारलं, "पलंग पाठवू का?" बाई म्हणाल्या, "नको गं, त्यांना दम लागतो. मी उश्या लावून घेईन."

हे मला पोपटनं सांगितलं, वारज्याला येऊन माझ्या सांध्यांत तेल घालताना. त्यानं आणखीही सांगितलं. बातमी कळताच चंद्रभागाबाई चार उश्या घेऊन गेल्या. आधीच्या पाच घरांतली माणसं आळीपाळीनं डबा पोचवायला लागली. बाईंचा दरवाजा दिवसभर उघडाच राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरातही 'कधीतरी लागेल' म्हणून काहीतरी पडून असेल. आज ते कोणाला लागतंय, एवढं विचारून पाहा. आणि मला न्याल तेव्हा चाकं पुसा, सांध्यांत तेल सोडा. सध्या मी आजोबांच्या खिडकीशी आहे. त्यांची सून आता येईल आणि माझं हँडल फिरवेल. सकाळच्या उन्हात बसून चहा घ्यायला त्यांना आवडतं.