खुंटी कुठं हाय?

मी एक जुनी बाभळीची खुंटी आहे. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. माझ्याकडे बघून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. पण मित्रांनो, माझ्यापायी एका भल्या माणसाची तीन बोटं गेली. ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात कोटीतीर्थाजवळ अण्णाप्पांची लाकडाची वखार होती. तिथं वाफेचं इंजिन आलं आणि त्याच्या पट्ट्यावर गरगर फिरणारी गोल करवत बसली. कुतुबुद्दीन मिस्त्री ती चालवायचा. पातं बोथट झालं की बदलावं लागे. पण त्यासाठी इंजिन थांबवलं तर पुन्हा वाफ धरायला दोन तास जात. म्हणून दांडा ओढून पट्टा कामाच्या चाकावरून बाजूच्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. इंजिन चालू, करवत गप्प. तो दांडा हादऱ्यानं मागे येऊ नये म्हणून चौकटीला एक भोक पाडलं होतं. त्या भोकात मी!

कुतुबुद्दीननं मला स्वतः तासलं होतं. मला ठोकून बसवल्याशिवाय तो पात्याला हात लावत नसे. त्याची बायको नजीरा दुपारी भाकरी घेऊन यायची. टोपली खाली ठेवायच्या आधी विचारायची, "खुंटी कुठं हाय?"

"हाय की जागंवर," तो म्हणायचा. मग ती बसायची. मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! एवढ्याशा लाकडाची रोज कोण विचारपूस करतं?

त्या साली खंडेनवमीला वखारीतली सगळी हत्यारं पाटावर मांडली. नवी पाती, कानशी, पाना आणि मी. मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मी नुसती फुगून गेले होते.

एवढ्यात बातमी आली. गगनबावड्याहून लाकडाच्या गाड्या आणणारा मौलाली गेला होता. दिवस मावळायच्या आत माती द्यायची होती आणि कबरीवर घालायला फळ्या हव्या होत्या. जन्मभर वखारीला लाकूड पुरवणाऱ्याला फळी मिळू नये, हे अण्णाप्पांनाही पटेना. त्यांनी इंजिन पेटवायला सांगितलं. वाफ धरली, पण करवतीवरचं जुनं पातं लाकूड कापेना, नुसतं जाळायला लागलं.

अण्णाप्पांनी पाटापुढं हात जोडले. "मिस्त्री, घ्या काय लागंल ते. देव समजून घेईल."

कुतुबुद्दीननं पातं उचललं, पाना उचलला. माझ्याजवळ त्याचा हात आला आणि थांबला. "अण्णा, समदीच पूजा मोडाय नको. खुंटी तेवढी ऱ्हाऊ द्या पाटावर. दोन मिनिटांचं काम हाय."

माझा मान राखला हो त्यानं! मी ओरडायला हवं होतं. पण लाकडाला कुठलं तोंड?

त्यानं दांडा ओढला. पट्टा मोकळ्या चाकावर गेला, करवत थांबली. डाव्या हातानं पातं धरून तो उजव्या हातानं पाना फिरवू लागला. मला पाटावरून दांडा दिसत होता. हादऱ्यासरशी तो इंचाइंचानं मागे येत होता. माझ्या कपाळावर कुंकू, अंगावर फूल, आणि मी बघत राहिले. नजीरा मौलालीच्या घरी बायकांत बसली होती. विचारणारं कुणी नव्हतं.

पट्टा कामाच्या चाकावर चढला.

फळ्या शेवटी दुसऱ्यांनी हातकरवतीनं कापल्या. कुतुबुद्दीन महिनाभर घरात पडून होता. परत आला तेव्हा नजीरा बरोबर होती. तिनं मला उचललं, केव्हाच वाळलेलं फूल झटकलं आणि मला त्याच्या हातात दिलं. मला तिच्याकडे बघवेना.

आता करवत वखारीतला तरणा पोरगा गुंडू चालवतो. कुतुबुद्दीन दांड्यापाशी नुसता बसतो आणि पातं बदलायच्या आधी मला भोकात ठोकतो. खंडेनवमीला माझं कुंकू तिथंच, भोकात असतानाच लागतं. पण शुक्रवारी तो नमाजाला जातो. मग गुंडू म्हणतो, "दोन मिनिटांचं तर काम हाय."

आज शुक्रवार आहे. इंजिन चालू आहे, गुंडूनं पाना हातात घेतलाय आणि मी दोरीनं खिळ्याला लटकलेय. मित्रांनो, मला बोलता येत नाही. तुमच्यापैकी कुणी जवळ असलं तर त्याला एवढंच विचारा, "खुंटी कुठं हाय?"