ज्या सकाळी मला साबण लागला

मी बिडाचा तवा बोलतोय. माझे शब्द कागदावर उतरवणारा एडिक्सन याच घरातला. त्यानं आठवीत शाळा सोडली, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. त्याबद्दल आधीच माफी मागतो. भारी शब्द त्याला येत नाहीत आणि मला तर मुळीच पेलत नाहीत.

एका बंद पडलेल्या उसाच्या घाण्याचं मोडकं चाक वितळवून मला ओतलं. बार्किसिमेतो शहराच्या बाजारात मी दोन महिने उन्हात पडून होतो. मग एका बाईनं मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि नेरेइदाच्या लग्नात भेट दिलं. ती नेरेइदाची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई. ती म्हणाली, "पोरी, याला चरबी लाव, विस्तव दाखव आणि साबणापासून लांब ठेव. नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल."

नेरेइदानं तसंच केलं. रोज पहाटे डुकराच्या चरबीचं बोट माझ्यावरून फिरायचं. तीस वर्षांत मी असा मुरलो की मक्याच्या पिठाचा अरेपा थापून टाकला की नुसत्या हलवण्यानं सुटायचा. माझा रंग काळा कुळकुळीत झाला. नेरेइदा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बघा, कसा काळा झालाय माझा तवा! अगदी माझ्या नशिबासारखा." तो तिचा अभिमान होता. ऐकणाऱ्याला ती तक्रार वाटायची.

घरात चौघं. नेरेइदा, तिचा नवरा एउदेस, मुलगी युलिमार आणि धाकटा एडिक्सन. एउदेस बसगाड्या दुरुस्त करायचा. युलिमार औषधांच्या दुकानात होती, एडिक्सन टायरच्या दुकानात. सव्वासहाच्या बसनं भाऊ-बहीण दोघं जायची.

पाचपासून घरात धांदल असायची. एकाचा मोजा सापडत नाही, दुसऱ्याला न्हाणीघर मिळत नाही, कॉफी उतू जाते. एउदेस शिट्टी वाजवत दाढी करायचा. नेरेइदा माझ्यासमोरून न हलता सगळ्यांवर ओरडायची. भांडणं व्हायची, पण पहिला अरेपा फोडून त्यात चीज घातलं की तोंडं गप्प व्हायची. निघताना प्रत्येक मूल दारात थांबून म्हणायचं, "आई, आशीर्वाद." आणि आई म्हणायची, "देव तुझं भलं करो." आमच्याकडे याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. नेरेइदा रागावलेली असली की मुद्दाम उशीर लावायची, पण द्यायची. पोरंही उभी राहायची.

युलिमारला तिनं कधी माझ्याजवळ येऊ दिलं नाही. म्हणायची, "तू शीक. चुलीपाशी एक बाई जळली तेवढी पुरे." त्यामुळे युलिमारला औषधांची शंभर नावं पाठ होती, पण तवा कसा सांभाळतात ते ठाऊक नव्हतं.

पगारात भागेना म्हणून गेली दोन वर्षं गल्लीतली तरुण पोरं एकेक करून देश सोडून चालली होती. युलिमारनंही एकदा जेवताना विषय काढला. नेरेइदानं ताट सरकवलं. "जायचं तर जा. पण मला दिवस सांगू नकोस. माझ्या डोळ्यांदेखत जाऊ नकोस."

पोरीनं आईचा शब्द पाळला.

तो सोमवार होता. आई शेजारी गेलेली. संध्याकाळी युलिमारनं मला मोरीत घेतलं, साबण लावला आणि तारेच्या घासणीनं घासायला लागली. एडिक्सन दारात उभा.

"उद्या निघतेय रे," ती म्हणाली. "दुपारपर्यंत कुणाला सांगू नकोस. आई कायम म्हणते ना, तवा काळा झालाय. जाताना एवढं तरी लख्ख करून जाते."

तिच्या हातांबरोबर खांदेही हलत होते. साबणाचं पाणी कुठलं आणि डोळ्यांतलं कुठलं, मला कळेना. तव्याला साबण चालत नाही हे एडिक्सनला माहीत होतं. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. रडणाऱ्या बहिणीला काय सांगायचं? तो मुळातच लाजरा. आणि मी तर लोखंड. तीस वर्षांचं माझं कातडं मोरीतून वाहून गेलं.

मंगळवारी पहाटे नेरेइदानं दिवा लावला आणि किंकाळी फोडली.

"कुणी केलं हे? कुणी नागवा केला माझा तवा?"

"मी, आई," युलिमार म्हणाली. "मला वाटलं तुला—"

"तुला वाटलं! पिंपातलं शेवटचं पाणीही त्यातच घातलंस! नळाला आज पाणी येईल न येईल!"

नळाला पाणी आलं, तेही नेमकं त्याच घटकेला. एउदेस अर्ध्या दाढीनं बादल्या घेऊन पळाला. एडिक्सननं पिंप धरलं. नेरेइदानं माझ्यावर चरबी ओतली, अरेपे टाकले. मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, खरंच केला. पण उघडं बीड पिठाला धरून बसतं. उलथणं घातलं की अर्धा अरेपा वर, अर्धा माझ्यावर.

एउदेस फेस पुसत आत आला. "काय गं, आज खायचं की खरवडायचं?"

युलिमार हसली. एडिक्सनही हसला. घटकाभर वाटलं, आता नेरेइदाही हसेल आणि सकाळ सुटेल. तिचा ओठ हललाही. तेवढ्यात दुसरा अरेपा फाटला.

"हसा! तुमची सगळ्यांची नोकर आहे ना मी!"

युलिमारनं पिशवी खांद्याला लावली. रोजचीच पिशवी, फक्त थोडी फुगलेली. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

"आई, आशीर्वाद."

नेरेइदा खरवडत राहिली.

"आई, आशीर्वाद दे ना."

"तव्याकडून घे. त्याचं फार केलंस तू."

बाहेर बसचा भोंगा वाजला. युलिमार उंबऱ्यावर उभी राहिली. एरवी अशी घाई असली की ती ओरडून मागायची आणि पळायची. त्या दिवशी पळाली नाही. अगदी हळू म्हणाली, "आई, आशीर्वाद."

नेरेइदानं मान वळवली नाही. "संध्याकाळी देईन. आधी येऊन तवा नीट कर."

भोंगा परत वाजला. एडिक्सन बहिणीमागोमाग बाहेर पडला.

संध्याकाळी तो एकटा आला.

सरहद्दी ओलांडत युलिमार आठ दिवसांनी लिमाला पोचली. तिथं एका खानावळीत भांडी घासते. तिथल्या भांड्यांना साबण चालतो. दर रविवारी फोन करायची आणि पहिल्यांदा म्हणायची, "आई, आशीर्वाद." नेरेइदा म्हणायची, "समोर ये, मग देईन." तिला वाटायचं, आशीर्वाद राखून ठेवला तर पोरगी तो घ्यायला येईल. असं कुणी येतं का? पण तिला हे सांगणार कोण?

चौथ्या महिन्यात युलिमारनं मागणं सोडलं. आता विचारते, "गोळ्या घेतेस का? बाबांचा गुडघा कसा आहे?" एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. फोन ठेवल्यावर नेरेइदा बराच वेळ ओट्याशी उभी राहते.

मला तिनं त्याच आठवड्यात दाराआड टाकलं होतं. नवा हलका तवा आणला. त्याला काही चिकटत नाही म्हणे. तो चौघांऐवजी तिघांचे अरेपे निमूट भाजतो. माझ्या अंगावर गंज चढला. कोळी जाळं विणून राहिला. मला नेरेइदाचा राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त. त्या दिवशी एक, निदान एक अरेपा सुटला असता तर!

काल रविवारी फोन झाल्यावर एडिक्सननं आईला सगळं सांगितलं. तवा कुणासाठी घासला, का घासला.

नेरेइदा उसळली. "आणि हे आज सांगतोस? तेव्हा काय तोंडात अरेपा होता तुझ्या?"

 एडिक्सननं वही घेतली. वाचणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे: सकाळी दारात कुणी थांबलं असेल तर तव्यावरचं जळू द्या. मी जळकं सोसतो. ते सुटतं.

आज पहाटे एडिक्सन सगळ्यांआधी उठला. त्यानं मला काढलं, वाळूनं गंज घासला, चरबी लावली आणि विस्तवावर ठेवलं. पहिला अरेपा चिकटला. दुसराही. तिसरा अर्धा सुटला. तो त्यानं आईच्या ताटलीत ठेवला. तिनं मोडून एक घास खाल्ला.

मग तो दारात जाऊन उभा राहिला.

"आई, आशीर्वाद."

"देव तुझं भलं करो."

तो हलला नाही. "आणि युलिमारचा?"

नेरेइदानं उलथणं उचललं आणि माझ्यावर काहीच नसताना खरवडू लागली.

बसचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मग बस निघून गेल्याचा आवाज आला.

तो तिथंच उभा होता.